बाकाचं दुसरं टोक

मी गोड बोलणारा मास्तर नाही. तिसरीच्या वर्गाला गोड बोलणारा मास्तर हवा, असं आमच्या मुख्याध्यापिका बाईंचं ठाम मत आहे, आणि माझ्या निवृत्तीला अजून दोन वर्षं बाकी आहेत याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त दुःख आहे. मुलं मला पाठीमागे ‘करवत’ म्हणतात. आवाजावरून. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. माझे वडील सुतार होते, करवतीच्या आवाजातच मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे ते नाव मला शिवीसारखं वाटत नाही.

सात वर्षांपूर्वी बाईंनी प्रत्येक वर्गात एक तक्ता लावायला लावला. वर मोठ्या अक्षरांत ‘आम्ही एकमेकांना मदत करतो’, खाली सगळ्या मुलांची नावं, आणि कुणी चांगलं वागलं की नावापुढे एक सोनेरी चांदणी. पहिल्या आठवड्यात माझा वर्ग इतका सज्जन झाला की मला भीतीच वाटायला लागली. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की पेन्सिली फार हरवायला लागल्यात. एकाने दुसऱ्याची पेन्सिल लपवायची, तो रडकुंडीला आला की त्याला आपली द्यायची आणि चांदणी खिशात घालायची. एका हुशार कार्टीने तर जिन्यात मैत्रिणीला पाय आडवा घातला आणि तिलाच हाताला धरून माझ्यासमोर आणलं. “सर, ही पडली. मी उचललं.” दोघींचे चेहरे बघून मी ओळखलं, की पडणारीही कटात सामील आहे, पुढची पाळी तिची असणार. मी तक्ता उतरवला, गुंडाळून कपाटावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी घरून बाक आणला.

हा बाक साधा नाही. चार हात लांब फळी, गुडघ्याइतकी उंच. पण एरवी बाकाला टोकांना पाय असतात, तसे याला नाहीत. दोन्ही पाय मधोमध, एकमेकांपासून हातभर अंतरावर. मध्यावर एकटा माणूस खुशाल बसू शकतो. टोकाला मात्र एकटा बसला की फळी कलते आणि तो जमिनीवर. टोकांना बसायचं तर दोघांनीच, आणि एकदम. जो जड असेल त्याने जरा आत सरकायचं. उठायचं तेही एकदम. एक आधी उठला की दुसरा आपटलाच म्हणून समजा.

वर्गाचा नियम असा केला, की ज्यांचं भांडण झालं त्यांनी खिडकीजवळच्या या बाकावर दोन टोकांना जाऊन बसायचं. कोण चुकलं हे मी सांगणार नाही, मला कुणी विचारायचं नाही. बोलायचं तर बोला, नाहीतर गप्प बसा. उठावंसं वाटलं की एकाने ‘उठू या?’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘हो’ म्हणायचं, मग दोघांनी मिळून एक, दोन, तीन. एवढंच. बहुतेक भांडणं तीन म्हणेपर्यंत विरून गेलेली असायची, कारण दुसरा किती हलतोय, कुठे झुकतोय याच्यावर लक्ष ठेवता ठेवता राग सांभाळायला माणसाला हात उरत नाहीत. चांदण्या वाटून जे झालं नाही ते एका फळीने केलं. श्रेय अर्थात माझं नाही. तो बाक माझ्या वडिलांनी बनवला होता, माझ्यासाठी आणि माझ्या ताईसाठी.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही दोघं मांजरासारखे भांडायचो. आई लवकर गेली होती, आणि कारखान्यात एकीकडे रंधा मारायचा, दुसरीकडे आमचे निवाडे करायचे, याला वडील कंटाळले. एक दिवस उरलेल्या फळीचा त्यांनी हा बाक केला, आम्हाला दोन टोकांना बसवलं आणि म्हणाले, “आता तुमचं तुम्ही बघा.” मी काडीपैलवान होतो, त्यामुळे ताई नेहमी आत सरकून बसायची. आकडे तीच मोजायची. ‘दोन’ आणि ‘तीन’च्या मधे ती उगाच थांबायची, मला हसवायला. मी आजही फळ्यावर आकडे लिहिताना दोननंतर थांबतो. मला ताईची फार आठवण येते. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

आता त्या दोघींचं सांगतो.

एक ‘टाचणी’. हे नाव मी ठेवलेलं. बारीक, टोकदार, बसली तरी बसल्यासारखी वाटायची नाही. वडील पुलाच्या कामावर वेल्डर. पूल जिथे, तिथे यांचं घर. दुसरी ‘गोगलगाय’. ती प्रश्न ऐकायची, मग खिडकीबाहेर बघायची, मग नख कुरतडायची, आणि आपण दुसऱ्या मुलाकडे वळलो की उत्तर द्यायची. उत्तर बरोबर असायचं. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, तशी ही नव्हती. हिच्या पोटात जे होतं तेच ओठांवर यायचं, फक्त वाटेत फार वेळ लागायचा. अशा दोघींची गट्टी कशी जमली देव जाणे. टाचणी दोघींचं बोलायची, गोगलगाय दोघींचा विचार करायची.

त्या आठवड्यात जोड्या करून पुठ्ठ्याचं घर बनवायचं होतं. गोगलगायीला घराचं दार उघडणारं हवं होतं. त्यासाठी कागदाची बिजागरी करायची, ती वाळू द्यायची, असा तिचा बेत. गुरुवारी टाचणीने घाईघाईत दार सरळ डिंकाने भिंतीला चिकटवून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा गोगलगाय ओरडली. टाचणी दुप्पट ओरडली. मी खिडकीकडे बोट दाखवलं, आणि दोघी दोन टोकांना जाऊन बसल्या.

शेवटचा तास होता. टाचणी पाय हलवत होती. गोगलगाय खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तिचं काहीतरी बोलायचं ठरत होतं. तिने तोंड उघडलेलं मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात दारात टाचणीचे वडील आले. अंगावर कामाचेच कपडे, हातात ऑफिसातून घेतलेला दाखला. “सर, निघतोय आम्ही. सामान ट्रकमध्ये भरलंय, गाडी उभी आहे. तिला सोडा.” मग तिच्याकडे बघून म्हणाले, “चल गं, पटकन!”

बापाने पटकन म्हटलं आणि टाचणी उठली. सवयीने. गोगलगाय फळीवरून घसरून हनुवटीवर आपटली. ओठ फुटला, रक्त आलं. मी तिच्याकडे धावलो. टाचणी दारात थबकली, वळली, काहीतरी म्हणणार होती. पण बापाने दप्तर उचललं होतं, हात धरला होता. ट्रकचा भोंगा वाजला. मी मान वर करून बघेपर्यंत दार रिकामं होतं.

शुक्रवारी सकाळी गोगलगाय सुजलेला ओठ घेऊन आली आणि आपल्या जागेवर न जाता बाकाशी उभी राहिली.

“सर, मला इथे बसायचंय.”

“कशाला? झालं ना ते भांडण.”

तिने आधी खिडकीबाहेर बघून घेतलं. “ती उठली. मी नाही उठले.”

“तूही उठलीसच की.”

“मी पडले,” ती म्हणाली. “पडणं म्हणजे उठणं नाही.”

वर्गाने माना डोलावल्या. तिसरीतल्या मुलांना कायदा फार लवकर समजतो, आणि हा तर मीच केलेला कायदा. मला वाटलं, मिनिटभराचं काम आहे. मीच समोर बसतो, एक-दोन-तीन म्हणतो, प्रकरण मिटवतो. म्हणून मी टाचणीच्या टोकाला बसलो. शहाणपणा बघा. इतकी वर्षं मुलांना ‘जड असेल त्याने आत सरका’ सांगणारा मी, स्वतःचं वजन विसरलो. गोगलगाय तिच्या टोकासकट वर गेली. वर्ग हसून लोळला. ती हसली नाही. दोन्ही हातांनी फळी धरून वरून माझ्याकडे बघत राहिली. मी सरकत सरकत आत आलो, फळी सपाट झाली, आणि मी म्हटलं, “उठू या?”

तिने फळी आणखी घट्ट धरली.

“एक, दोन, तीन,” मी म्हटलं. ती जागची हलली नाही.

“अगं ऊठ ना!”

“तुमच्याशी नव्हतं भांडण,” ती म्हणाली.

आली का पंचाईत? मी उठलो तर ती पुन्हा हनुवटीवर आपटणार, आधीच ओठ फुटलेला. ती तर उठणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी वर्गासमोर बसून गुणाकार शिकवला. अर्धा तास गेला. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी, पुस्तक उघडलं की जांभई देणारी, उठून आली आणि आपलं दप्तर माझ्याशेजारी फळीवर ठेवून गेली. मग दुसरा एकजण आला. मग रांगच लागली. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, माझा जाडजूड नकाशासंग्रह. एकाने दप्तर ठेवलं की मी बोटभर आत सरकायचो, दुसऱ्याने ठेवलं की आणखी बोटभर. शेवटी मी मध्यावर आलो आणि अलगद उठलो. फळी सपाट राहिली. एका टोकाला गोगलगाय, दुसऱ्या टोकाला दप्तरांचा ढीग.

“आता बरोबर,” ती म्हणाली, आणि वही उघडली.

मला वाटलं, एक दिवसाचा हट्ट आहे. तो सोमवारी होता, मंगळवारीही होता. वर्गाने तो हट्ट आपला करून टाकला होता. मधल्या सुट्टीचं काय, यावर मुलांनी सभा घेतली आणि ‘सुट्टी म्हणजे उठणं धरायचं नाही’ असा ठराव एकमताने मंजूर केला. सुट्टीची घंटा झाली की दोघं जण ढीग उचलून धरायचे, गोगलगाय बाजूला व्हायची. तास सुरू झाला की पुन्हा तेच उलटं. कुणाला दप्तरातून वही काढायची असली की ओरडायचा, “थांब गं, काढतोय!” आणि त्याच्या दप्तराच्या जागी शेजारचा लगेच आपलं दप्तर ठेवायचा. चांदणी नाही, शाबासकी नाही. ज्या पोरांनी चांदणीसाठी एकमेकांना जिन्यात पाडलं असतं, ती तासातासाला न सांगता उठून एका मुलीचा तोल सांभाळत होती. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो, कारण माझा चेहरा मुलांनी पाहू नये असं मला वाटायचं.

मुख्याध्यापिका बाई एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. “सर, हे काय चाललंय?”

“सहकार्य,” मी म्हटलं.

“त्या मुलीचं नुकसान होतंय. खाली बसवा तिला.”

त्यांचं चुकत नव्हतं. शाळा सुटल्यावर मी गोगलगायीला थांबवलं. वर्गात आम्ही दोघंच. ती बाकाशी उभी, मी खुर्चीवर.

“बाळ, ती येणार नाही आता. लांब गेली.”

“मग तिला विचारा, उठू का म्हणून.”

“कुठे विचारू? तिच्या वडिलांचा फोन लागत नाही. नंबर बदलला त्यांनी.” हे खरं होतं. मी रोज लावत होतो. आमचे कारकून म्हणाले होते, “नदीवर पूल बांधायला गेलेत म्हणे. आता नद्या काय कमी आहेत का, सर?”

ती खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मला सवय झाली होती, मी थांबलो.

“मी तिला सांगणार होते,” ती म्हणाली. “माझं सांगायचं ठरलं होतं. तेवढ्यात ती उठली.” मग तिचे डोळे भरले. “मी लवकर बोलले असते तर?”

मी रुमाल पुढे केला. तिने नाक पुसलं, रुमाल नीट घडी घालून परत दिला, आणि विचारलं, “सर, तुमच्या बाकावरून कुणी असं उठून गेलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं. मग का कोण जाणे, खरं बोललो. “मीच उठलो होतो.”

“मग पडलं कोण?”

“माझी ताई.”

“त्यांना लागलं?”

मी रुमालाची घडी पुन्हा मोडली.

“तुम्ही विचारलं नाही?” तिने इतक्या आश्चर्याने विचारलं, की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हाची गोष्ट. ताईने लग्न केलं नव्हतं, माझं केलेलं टिकलं नव्हतं. त्यांना बघायला आम्ही दोघंच. एक महिना तिने, एक महिना मी, असं ठरलं. ती शिवणवर्गात शिकवायची, तिथे एक महिनाआड रजा मिळवणं म्हणजे काय होतं ते तिचं तिला माहीत. सहा-सात महिने आम्ही तोल सांभाळला. मी तेव्हा तिथल्याच शाळेत शिकवायचो; मग मला लांबच्या या शाळेची नोकरी आली, आणि मी गेलो. माझी पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गेलो. चिठ्ठी ठेवली होती, ‘लवकरच काहीतरी व्यवस्था करतो’ अशी. व्यवस्था काही झाली नाही. पत्रं आली, त्यांना मी उत्तर दिलं. ती पडली असेल, हे मात्र मनात येऊ दिलं नाही. शिवणवर्ग सुटला तिचा. तीन वर्षं तिने एकटीने त्यांना उठवलं, बसवलं, भरवलं. वडील गेल्यावर मी चार दिवसांसाठी गेलो, आणि निघताना बाक मागितला. आठवण म्हणून. ताईने माझ्याकडे बघितलंही नाही.

“ने,” ती म्हणाली. “दुसऱ्या टोकाला बसायला इथे आता आहे कोण?”

मी त्याचा अर्थ ‘चालता हो’ असा घेतला. तो अर्थ सोयीचा होता. या गोष्टीला आठ वर्षं झाली. त्यातली सात वर्षं तोच बाक वर्गात ठेवून मी पोरांना समेट शिकवतो आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी फळ्यावर लिहून तिचा अर्थही समजावून सांगतो, उदाहरणासकट. उदाहरण दुसऱ्याचं देतो.

तेराव्या दिवशी कारकून धापा टाकत वर्गात आले. कुठल्याशा शाळेतून फोन आला होता. टाचणीच्या दाखल्यावर आमच्याकडून शिक्का मारायचा राहून गेला होता, आणि त्यावाचून तिथे तिचं नाव पक्कं होत नव्हतं. कारकून घाबरले होते. मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. मी ऑफिसात धावलो आणि तिकडच्या बाईंना म्हटलं, “शिक्का मारलेला दाखला आजच पाठवतो. पण आधी त्या मुलीला फोनवर बोलवा.” त्या म्हणाल्या, तास चालू आहे. मी करवतीच्या आवाजात म्हटलं, “इकडेही चालूच आहे.” त्यांनी आपला मोबाइल नंबर दिला.

मी वर्गात आलो, फोन लावला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. गोगलगाय फळीवर ताठ बसली होती.

“सर?” फोनमधून आवाज आला, आणि मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न. “सर, तिला खूप लागलं होतं का?”

आठ वर्षांच्या पोरीने पहिला प्रश्न तो विचारला. मी टेबलाचा कोपरा धरला.

“तूच विचार,” मी म्हटलं. “ती इथेच आहे. बाकावर.”

“अजून?”

“अजून.”

मग बारीक आवाजात, टाचणीसारखा मुळीच न वाटणारा, प्रश्न आला. “लागलं का गं?”

गोगलगाय खिडकीबाहेर बघायला लागली. पंचवीस मुलं श्वास धरून. कुणीतरी कुजबुजलं, ‘बोल ना लवकर,’ आणि त्याला चौघांनी गप्प केलं. मीही मनातल्या मनात फोनला विनवत होतो, बंद पडू नकोस बाबा.

“ओठ फुटला होता,” गोगलगाय म्हणाली. “आता बरा आहे.” मग पुन्हा थांबली. “दार चिकटवलंस ना, ते राहू दे. मी खिडकी कापली. ती उघडते.”

तिकडे रडणं ऐकू आलं. इकडे पुढच्या बाकावरचे दोघं रडायला लागले, त्यांना काही कारण नव्हतं.

“उठू या?” टाचणी म्हणाली.

“तू कुठे बसलीयस?”

“पायरीवर.”

“हो. उठू या.”

“एक,” टाचणी म्हणाली. “दोन.” आणि अख्ख्या वर्गाने, मीही त्यात आलो, ‘तीन’ म्हटलं.

गोगलगाय उठली. आणि दुसरं टोक धडामकन खाली गेलं. बारा दप्तरं, सात बाटल्या, नकाशासंग्रह, सगळं जमिनीवर. एक बाटली फुटून पाणी माझ्या बुटात शिरलं. तेरा दिवस ज्यांनी डोळ्यांत तेल घालून तोल सांभाळला, त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात ढीग धरायचं आलं नव्हतं. वर्ग हसत सुटला. फोनमधून टाचणी ओरडत होती, “काय पडलं? काय पडलं? सांगा ना!”

तिकडच्या बाईंनी फोन घेतला, आणि आवाज बंद झाला. मुलं वह्या पुसायला लागली. गोगलगाय तेवढी बाकाशी उभी होती. मी जवळ गेलो. ती रडत होती, आवाज न करता.

“आता काय झालं? उठलीस ना?”

“बसले होते तोवर ती होती,” ती म्हणाली. “आता गेली.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरं म्हणजे मला तिचं म्हणणं अगदी आतपर्यंत कळलं होतं. आठ वर्षं मी तो बाक जवळ ठेवला तो त्याचसाठी.

त्या शनिवारी मुलांना सांगितलं, की मी बाक घेऊन जाणार आहे. कुठे, हे फक्त गोगलगायीला माहीत होतं. मुलांनी आरडाओरडा केला, मग भांडायचं कुठे? मी म्हटलं, नवा बनवतो. वडिलांची करवत माझ्याकडे होती. दोन रविवार खपून बनवला. एक पाय जरा तिरका झालाय. गोगलगायीने बसून बघितला आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “डगमगतो. पण चालेल.”

तिसऱ्या रविवारी मी जुना बाक टेम्पोत चढवला. टेम्पोवाला सगळी वाट म्हणत होता, “कुणी केला हो हा? पाय चुकलेत त्याचे.” मी म्हटलं, चुकलेले नाहीत. त्याला पटलं नाही. दुपारी वडिलांच्या कारखान्यासमोर उतरलो. कारखाना बंद, मागच्या दोन खोल्यांचं दार उघडं, आतून शिलाई मशीनचा आवाज. बाक मी एकट्याने ओढत दारापर्यंत नेला. आवाज थांबला.

ताई बाहेर आली. केस सगळे पांढरे. चष्मा कपाळावर सारलेला, बोटात शिवणाचं अंगुस्तान. तिने मला बघितलं, बाक बघितला.

“शाळेतून काढलं का तुला?” ती म्हणाली.

मी वाटभर बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यातलं एक वाक्य जागेवर नव्हतं. “ताई,” मी म्हटलं, “खूप लागलं होतं का गं?”

तिने ते ऐकलं. मग वाकून तळहाताने फळी पुसली. “खडूने भरवलास सगळा.”

“पोरं बसतात त्याच्यावर. भांडली की.”

“उठतात का?”

“उठतात.”

ती आणखी काही विचारेल म्हणून मी उंबऱ्याशी पिशवी धरून उभा होतो. ती वळली आणि पलीकडच्या टोकाला, मी कुठे आहे हे मागे न बघता, सरळ बसायला लागली. पिशवी टाकून मी झेपावलो आणि फळी कलायच्या आत माझ्या टोकाला बसलो. धपकन. ताई वर उचलली गेली आणि तिचा चष्मा नाकावर आला.

“आत सरक,” ती म्हणाली. “जड झालायस.”

मी सरकलो. फळी सपाट झाली. ताई समोर बंद कारखान्याच्या दाराकडे बघत होती.

“लागलं होतं,” ती म्हणाली. “अजून दुखतं.”

“हो,” मी म्हटलं.

ऊन दारातून सरकत आमच्या पायांपर्यंत आलं, मग भिंतीवर गेलं. उठू या का, हे त्या दुपारी आम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.